आम्ही म्हणजे कोण?

सांफ्या,
रविवार, ११ ऑगस्ट २०१९

वन्सं,

गुडघे टेकून नमस्कार. जून-जुलैची थंडी कशी काढलीत? बेटावर वारा इथल्यापेक्षा जास्त लागतो म्हणतात. पांघरायला पुरेसं आहे ना?

आम्ही इकडे बरे आहोत. तुमच्या भावाची कंबर अधूनमधून धरते, पण ऐकतात कुठे! गेल्या महिन्यात वाऱ्यामुळे दोन आठवडे एकही होडी सरोवरात गेली नाही. तेवढ्यात त्यांनी जाळी दुरुस्त करून घेतली. आता मासे बरे मिळताहेत. डिसेंबरात बंदी लागायच्या आत जेवढं होईल तेवढं. बाना चिशिम्बा, आपल्या पलीकडच्या, अजून तशाच आहेत. दात पडले, पण जीभ काही थकली नाही. चर्चवर नवे पत्रे घातलेत. तुमच्या घराची जागा मी साफ ठेवली आहे.

मी तुम्हाला तीनदा फोन लावला होता. तिन्ही वेळा तुम्ही 'कोण?' म्हणालात, मी नाव सांगितलं आणि फोन बंद झाला. बेटावर रेंज नसते, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

खरं तर मापालोबद्दल सांगायचं होतं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. बुपेनंतर दोन वर्षांनी झाली. सहा वर्षांची आहे, बडबडी आहे, नाक थेट तुमच्या घराण्याचं. गेली तीन वर्षं थंडी आली की तिला खोकला लागायचा. यंदा जूनमध्ये खोकल्याबरोबर छातीत शिट्टी वाजायला लागली. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जायची. वन्सं, मला ती शिट्टी ओळखीची होती. मी तिला पाठीशी बांधलं आणि दवाखान्यात पळत गेले.

तिथे आता सिस्टर नामुकोलो म्हणून आहेत. पश्चिमेकडच्या आहेत, आपली भाषा थोडी वाकडी बोलतात, पण हाताला माया आहे. त्यांनी प्लास्टिकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला बुडाशी भोक पाडलं, त्यात औषधाचा पंप बसवला, बाटलीचं तोंड मापालोच्या तोंडात दिलं आणि दहा श्वास मोजले. थोड्या वेळानं पुन्हा दहा. पोरगी माझ्या डोळ्यांदेखत मोकळी झाली. मग मला म्हणाल्या, "आई, हा दमा आहे. आता मी विचारते त्याची उत्तरं दे. स्वयंपाक कुठे करतेस?"

"घरात."

"कशावर?"

"कोळशाच्या शेगडीवर. पिठाचे फितुंबुवा तळून विकते, पहाटे उठून."

"शेगडी पेटवतेस कशानं?"

"प्लास्टिकच्या पिशव्यांनी. लवकर पेट घेतात."

"पोरगी झोपते कुठे?"

"तिथेच. ऊब असते."

"खिडकी?"

मी मापालोचं नाक पुसायला लागले. त्या समजल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सायकल मारत घरी आल्या. छताच्या पत्र्यावरून आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. त्या बोटावर इतकी काजळी होती की मला लाज वाटली. मग तुमच्या भावानं अंगणात चार खांब रोवून वर गवत घातलं. आता शेगडी तिथे असते. खिडकी उघडली आहे. प्लास्टिक जाळणं बंद. मापालो बरी आहे. शेजारी कुणी कचरा पेटवला की अजून शिट्टी वाजते, मग पंप घ्यावा लागतो. पण ती पळते, खेळते.

बुपेच्या वेळी आम्हाला हे काही कळलं नाही. कळलं असतं तर सगळंच वेगळं झालं असतं. पण जे झालं ते झालं.

होडीवाल्या लुकोंडेबरोबर थोडी साखर, मीठ, साबण आणि एक नवा चितेंगे पाठवते आहे. निळ्यावर पिवळी पानं आहेत. तुम्हाला निळा आवडायचा. गुंडाळून नेसलात तर मला बरं वाटेल.

प्रकृतीला जपा.

तुमची भावजय,
चोला


सांफ्या,
गुरुवार, २६ सप्टेंबर २०१९

वन्सं,

नमस्कार.

लुकोंडेनं सामान परत आणून दिलं. मी मारलेली गाठ होती तशीच होती. वर चिठ्ठी होती, तुमच्या तिथल्या मास्तरांच्या अक्षरात. मी ती इतक्यांदा वाचली आहे की आता पाठ झाली आहे:

'पत्र वाचून घेतलं. मापालो बरी आहे हे ऐकून आनंद झाला. तिला धुरापासून लांब ठेव. साखर परत पाठवते आहे, राग धरू नकोस. तू लिहिलं आहेस, बुपेच्या वेळी आम्हाला कळलं नाही. आम्ही म्हणजे कोण?'

चिठ्ठी घेऊन मी महिनाभर फिरले. तुमच्याकडे यायलाही निघाले होते, ते पुढे सांगते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

मास्तर, हे पत्रही तुम्हीच वाचून दाखवणार. माझी विनंती आहे, मध्ये थांबू नका आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका. त्यांना यातलं बरंचसं माहीत आहे. जे माहीत नाही तेच महत्त्वाचं आहे.

आम्ही नव्हे, वन्सं. मी.

खिडकी मी बुजवायला लावली होती. तुमचा भाऊ नको म्हणत होता. पण सरोवरावरून वारा आत यायचा, तेल तापायचं नाही, पीठ फुगायचं नाही. मी चार दिवस धुसफुसले, मग त्यांनी विटा लावल्या. तुम्ही त्याच दिवशी आत डोकावून म्हणाला होतात, "अगं चोला, हे घर आहे की मासे धुरवायची भट्टी? माझे डोळे चुरचुरायला लागले." मी हसून म्हटलं होतं, "मग तुम्ही आत येऊच नका, वन्सं." तेव्हा ती थट्टा होती.

बुपेला चौथं लागलं तेव्हापासून ती शिट्टी सुरू झाली. तिनं पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं, आठवतं? "आत्या, माझ्या छातीत मांजर बसलंय." तुम्ही तिच्या छातीला कान लावलात आणि म्हणालात, "बसलंय खरं. गुरगुरतंय बघ. चल, त्याला पाण्यावर नेऊन मासा दाखवू, उडी मारून बाहेर येईल." आणि तिला कडेवर घेऊन काठावर गेलात. तासाभरानं आलात तेव्हा ती तुमच्यापुढे पळत होती. मला म्हणाली, "आई, मांजर गेलं."

त्यानंतर रोजचंच झालं. पहाटे मी शेगडी पेटवली की बुपे खोकायला लागायची. तुम्ही शेजारच्या घरातून यायचात, तिला चितेंगेत गुंडाळून बाहेर न्यायचात. उजाडल्यावर परत आणायचात ती मोकळी, हसरी. दुपारपर्यंत बरी असायची. संध्याकाळी शेगडी पेटली की पुन्हा मांजर.

वन्सं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. दीड वर्ष. तुमच्याजवळ तिचा श्वास मोकळा व्हायचा आणि माझ्याजवळ आली की अडायचा. शेगडीकडे एकदाही माझं लक्ष गेलं नाही. मला फक्त तुम्ही दिसत होतात. पोरीनं आईच्या कुशीत गुदमरावं आणि आत्याच्या मांडीवर खुलावं, हे मला सोसेना. मी तिच्यासाठी पहाटे उठत होते, हात भाजून घेत होते, तिला वही-पाटी आणत होते. आणि तिला त्रास झाला की ती हाक मारायची तुम्हाला. हे मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात चोलाला चेटकाची भीती वाटली. भीती नंतर आली. आधी मत्सर होता.

तेवढ्यात बाना चिशिम्बा विहिरीवर म्हणाल्या, "तुझी पोरगी तिच्याकडे गेली की बरी आणि तुझ्याकडे आली की आजारी. नीट विचार कर. गाठ सोडता कुणाला येते? जिनं मारली तिलाच." मी त्यांना म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" पण बादली भरून घरी येईपर्यंत ते वाक्य माझं झालं होतं. त्यांना दोष देणार नाही. त्यांनी बी टाकलं असेल, पाणी मी घातलं. तुम्ही विधवा, मुलं गेलेली, दोन शेळ्या सोडल्या तर तुमचं कुणी नाही. माझी पोरगी तुम्हाला का हवी, असं मी स्वतःला विचारायचे, आणि उत्तरही मीच द्यायचे.

म्हणून जुलैत मी कडी लावायला लागले.

आता ती पहाट. तुम्हाला बाहेरून माहीत आहे, आतून सांगते.

तुमचा भाऊ सरोवरावर गेला होता. शाळेत खेळांचा दिवस होता, हेडमास्तरीणबाईंनी दोन मोठ्या परातींची ऑर्डर दिली होती. मी एक नव्हे, दोन शेगड्या पेटवल्या. दार बंद, खिडकी बुजलेली. बुपे भिंतीशी चटईवर होती. ती बसली होती, दोन्ही हात जमिनीवर टेकून, मान पुढे काढून. मी म्हटलं, "आडवी हो, झोप." तिनं मान हलवली. तिला आडवं होता येत नव्हतं, हे मला आता समजतं.

तुम्ही दार वाजवलंत. "चोला, पोरीचा आवाज माझ्या घरात ऐकू येतोय. उघड."

"झोपली आहे ती."

"झोपलेल्या लेकराचा आवाज असा नसतो गं. उघड, मी आत येत नाही. तिला फक्त बाहेर दे."

"तुम्ही जा, वन्सं."

"बरं, मला नको देऊस. तू घेऊन बाहेर ये. मी लांब उभी राहते."

हे वाक्य तुम्ही बोलला होतात. मी आठ वर्षं स्वतःला सांगत आले की मला ते तेलाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं.

बुपेनं दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्या." एवढंच. पुढचं बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. तेव्हा मला तिचा राग आला, वन्सं. आजारी पोरीचा. मी तिच्याकडे पाठ केली आणि कढईत पीठ सोडलं.

तुम्ही दार वाजवत राहिलात. तेवढ्या वेळात माझे तीन घाणे निघाले. तिसरा झाऱ्यावर घेतला तेव्हा मागची शिट्टी थांबल्याचं मला कळलं. मला वाटलं, उतार पडला. देवा, मला बरं वाटलं! मी चौथा घाणा टाकणार होते. मग वळून पाहिलं तर तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

मी कडी काढली, तिला पाठीशी बांधलं आणि धावले. तुम्ही मागून धावत होतात, माझा सुटलेला चितेंगे हातात धरून. दवाखाना गाठेपर्यंत तिची मान माझ्या खांद्यावरून घसरली होती.

आणि दफनाच्या वेळी मी काय केलं? मोठी माणसं विचारत होती, काल संध्याकाळी चांगली खेळणारी पोरगी सकाळी गेली कशी? सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल की तू काय करत होतीस. त्यांनी विचारायच्या आत मी तुमच्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा," मी ओरडले, "माझ्या पोरीला रोज पहाटे कुठे घेऊन जात होत्या! आजही आल्या होत्या, उरलेलं न्यायला!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता तुम्ही कडीचं सांगणार. तुम्ही सांगितलं नाहीत. का सांगितलं नाहीत, वन्सं? सांगितलं असतंत तर लोकांनी निदान विचार केला असता. मी आई होते म्हणून? का मी तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभी होते म्हणून? हे मला कधी कळणार नाही, आणि विचारायचा हक्कही मला नाही.

तुमच्या घराचं गवत पोरांनी ओढून काढलं, शेळ्या नेल्या, भिंती पाडल्या. मी माझ्या दारात उभी राहून पाहिलं. तुम्ही एक बोचकं घेऊन होडीत बसलात.

मागच्या पत्रात लिहिलं की तुमची जागा साफ ठेवली आहे. ते खोटं होतं. तिथे मी दुसऱ्याच वर्षी कसावा लावला. तेव्हापासून त्याचं पीठ आम्ही खातोय, पानांची भाजी खातोय. पीक चांगलं येतं.

मापालोला घेऊन मी दवाखान्यात गेले, तेव्हा सिस्टर नामुकोलो म्हणाल्या होत्या, "तिला त्रास झाला की आधी धुरातून बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, सरळ बसवायचं, मग पंप." मी तिथेच खाली बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी त्यांना बुपेचं सगळं सांगितलं, कडीसकट. हे ऐकणाऱ्या त्या पहिल्याच. मी विचारलं, "तिला मी मारलं का?" त्यांनी माझ्याशेजारी जमिनीवर बैठक मारली. मग म्हणाल्या, "मी त्या मुलीला पाहिलेलं नाही. दमा अंगात असतो, धूर त्याला उठवतो. औषध नसतं तर बाहेर नेऊनही ती वाचली असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तिची आत्या जे करत होती ते बरोबर होतं. कुणी न शिकवता बरोबर होतं."

हे वाक्य तुमचं आहे, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवते.

गेल्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले. प्रार्थना संपल्यावर पाळकांना म्हटलं, मला बोलायचं आहे. आता इथे लिहिलं ते सगळं बोलले. घाण्यांचंही. मग गावप्रमुख म्हणाले, "बाई, आठ वर्षं झाली, आता हे उकरून काय मिळणार?" बाना चिशिम्बा काठी टेकत उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे आम्ही त्या बाईवर उगाच बालंट ठेवलं? मग आता ठेवायचं कुणावर?"

मी म्हटलं, "माझ्यावर."

सगळ्यांना पटलं असं समजू नका. बाहेर पडताना मागून ऐकू आलं, "म्हातारीनं बेटावरून हिला भारलंय, म्हणून असं बोलतेय." म्हणजे माझ्या खोट्याला त्या दिवशी एक वाक्य पुरलं आणि खऱ्याला अख्खा रविवार पुरला नाही. दोन बायकांनी मात्र सोमवारी शेगड्या अंगणात आणल्या. एकीचा मुलगा बुपेसारखाच खोकतो.

तुमचा भाऊ चर्चमधून घरी आला नाही. तीन दिवस होडीतच झोपला. काल दुपारी आला, मापालोजवळ जेवायला बसला, उब्वालीचा घास हातात घेऊन नुसताच बघत राहिला. मला वाटलं आता मला घराबाहेर काढणार, आणि मी चितेंगेत कपडे बांधून ठेवले होते. ते म्हणाले, "कडीचं मला माहीत नव्हतं. पण माझी बहीण तसली नाही, हे माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. पत्रात तेही लिही." म्हणून लिहिते आहे. त्यांना लिहिता येतं, पण हात चालत नाही म्हणाले.

आता मी तुमच्याकडे निघाले होते त्याबद्दल. या महिन्याच्या सुरुवातीला लुकोंडेच्या होडीतून मी बेटावर आले. क्षमा मागायची, पाय धरायचे, असं सगळं ठरवून आले होते. तुम्ही घरापुढे कसावा वाळत घालत होतात. खूप वाळला आहात. मी आंब्याखाली थांबले. तेवढ्यात दोन लहान मुली पाण्याच्या घागरी घेऊन तुमच्या अंगणाजवळून निघाल्या. मागून त्यांची आई ओरडली, "तिकडून नको, वळसा घालून या!" मुली वळल्या. तुम्ही मान वर केली नाहीत. हाताचं काम चालू ठेवलंत. सवय असल्यासारखं.

माझं एक वाक्य सरोवर ओलांडून तिथेही पोचलं होतं. मी पाय धरून मोकळी झाले असते, आणि मुली वळसाच घालत राहिल्या असत्या. मी तशीच होडीत जाऊन बसले.

म्हणून हे पत्र. क्षमा मागत नाही. ती द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, आणि नाही दिलीत तरी मी समजून घेईन. सामानही पाठवत नाही. कसावा काढून टाकला आहे, जागा मोकळी आहे, पण परत या असं म्हणायची माझी लायकी नाही.

मास्तर, हे पत्र त्यांना वाचून दाखवून झालं, आणि त्या हो म्हणाल्या, तर चर्चमध्ये वाचा. त्या मुलींच्या आईला वाचून दाखवा. कुणी विचारलं, कोण लिहितंय, खरं कशावरून, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. लुकोंडेची होडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. जो येईल त्याच्यासमोर मी पुन्हा सांगेन. कुणाला शोधावं लागू नये म्हणून खाली नाव पूर्ण लिहिते आहे.

बुपेला दम्यात घरात कोंडणारी आणि तिच्या आत्यावर, बाना म्वेंगे यांच्यावर, खोटा आळ घेणारी मीच,

चोला मुसाकान्या, कासोंदे मुसाकान्या यांची बायको,
दवाखान्यामागची वस्ती, सरोवराकडून तिसरं घर,
सांफ्या